अभयदान आणि रक्तपरीक्षा
डॉ. सुनीती सॉलोमन यांचे विषाणु-संशोधन आणि आपल्या व्यापारी समाजाचे कर्तव्य

कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव आहे. आज ते लहानसे दिसत असले, तरी नवव्या शतकात हेच मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी होते. जिनसेनाचार्यांना गुरुस्थानी मानणारा सम्राट अमोघवर्ष नृपतुंग येथूनच राज्य करीत असे. त्याच काळी उग्रादित्याचार्य या जैन वैद्यमुनींनी 'कल्याणकारक' हा वैद्यकावरील संस्कृत ग्रंथ रचला. औषधांत मांसाची काहीही आवश्यकता नाही हे आचार्यांनी नृपतुंगाच्या सभेत जमलेल्या वैद्यांसमोर प्रतिपादन केल्याचे त्या ग्रंथाच्या अखेरच्या हिताहित-अध्यायात नमूद आहे. हा नृपतुंग म्हणजे अमोघवर्षच असे अभ्यासक मानतात. १९४० साली सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असेलच.

या गोष्टीचे स्मरण आम्ही केवळ अभिमानापोटी करीत नाही. देहाचे ज्ञान व रोग्याची शुश्रूषा हे विषय धर्माबाहेरचे नाहीत, आणि रूढ मताविरुद्ध असले तरी योग्य ते भर सभेत मांडावे, असा धडा आपल्या या भूमीने हजार वर्षांपूर्वी दिला आहे. आपल्या वार्षिक अंकातून तुरीचे भाव, डाळमिलचा खर्च, बाजार समितीचे नियम व करांची गुंतागुंत यांविषयीचे लेख येतात, व ते यावेतच. परंतु व्यापाऱ्याचे भांडवल केवळ गल्ल्यात नसते. ते त्याच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि त्याच्या दुकानी राबणाऱ्या माणसांच्या आरोग्यातही असते. यास्तव यंदा एका विषाणुशास्त्रज्ञ विदुषीच्या कार्याचा परिचय आम्ही करून देत आहोत. विषय संकोचाचा आहे याची आम्हांस जाणीव आहे. ज्या रोगाचे नाव आपल्या घरांत मोठ्याने घेतले जात नाही, त्याच रोगाविषयी हे संशोधन आहे. आणि तो संकोचच या रोगाचा मोठा सहायक ठरला आहे, हेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

विषाणू म्हणजे काय?

विषाणू हा जीवसृष्टीच्या उंबरठ्यावरचा एक सूक्ष्म कण होय. त्याला स्वतःचे घर नाही की स्वतःची शिदोरी नाही. दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरावे, तिच्याच सामग्रीवर आपली संख्या वाढवावी आणि अखेर तिचाच नाश करावा, हा त्याचा व्यवहार. एच.आय.व्ही. हा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. काविळीचे विषाणू त्याहूनही लहान. एच.आय.व्ही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. वर्षानुवर्षे काहीच लक्षण दिसत नाही. मनुष्य धष्टपुष्ट दिसतो, पेढीवर बसतो, व्यवहार करतो. पुढे प्रतिकारशक्ती ढासळली म्हणजे क्षयासारखे रोग त्यास गाठतात, आणि त्या अवस्थेस एड्स असे म्हणतात. १९८१ साली अमेरिकेत या रोगाची प्रथम नोंद झाली आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो विषाणू वेगळा करण्यात आला.

काविळीच्या विषाणूंचे मुख्यतः दोन वर्ग करता येतात. हेपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. हेपॅटायटिस बी आणि सी हे रक्तातून पसरतात. पैकी बी हा शरीरसंबंधातून व आईकडून बाळाकडेही जातो. एच.आय.व्ही.च्या वाटा नेमक्या ह्याच आहेत. म्हणून शास्त्रज्ञ एच.आय.व्ही., बी आणि सी या तिघांचा विचार बहुधा एकत्र करतात. दूषित सुई, न तपासलेले रक्त, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाधित मातेची प्रसूती या वाटा ज्यास ठाऊक आहेत, त्यास या रोगांचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही, केवळ सावधगिरी पुरते.

मद्रासमधील मराठी घरची कन्या

भारतात एच.आय.व्ही. प्रथम शोधून काढण्याचे श्रेय ज्यांस जाते, त्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या घराण्याचा व्यवसाय चामड्याचा होता. त्या व्यवसायाविषयी आपल्या समाजाची भूमिका सर्वश्रुत आहे. परंतु परमुलखात जाऊन पेढी उभारणे, परभाषेत व्यवहार करणे आणि तरीही घरची भाषा राखणे, ही व्यापारी घराण्याची तपश्चर्या आपण सीमाभागातील मंडळी चांगलीच जाणतो. अनेक भावांत सुनीती ही एकुलती एक मुलगी. देवीची लस टोचण्यासाठी दरवर्षी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे आपल्या मनात वैद्यकाची आवड उत्पन्न झाली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण झाल्यावर त्यांनी ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत विकृतिशास्त्राचा अनुभव घेतला. हृदयशल्यविशारद डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९७३ मध्ये हे दांपत्य मद्रासला परतले. सुनीतीबाईंनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी संपादन केली व आपल्याच महाविद्यालयात त्या या विषयाच्या प्राध्यापिका झाल्या.

ऐंशी नमुने आणि सहा नोंदी

एड्सविषयी परदेशी नियतकालिकांतून येणारे लेख सुनीतीबाई वाचत होत्या. हा रोग पाश्चात्त्यांचा, त्यांच्या स्वैर राहणीचा. आपल्या देशात कुटुंबसंस्था भक्कम आहे, तेव्हा येथे तो यावयाचा नाही, असा सर्वसाधारण समज त्या वेळी होता. वृत्तपत्रेही तसेच लिहीत. सुनीतीबाईंनी मात्र साधा प्रश्न विचारला : तपासल्याशिवाय नाही असे कसे म्हणावे? आपल्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांस प्रबंधासाठी त्यांनी हाच विषय सुचविला.

निर्मलाबाई स्वतः लहान गावातून आलेल्या, परंपरेत वाढलेल्या. मद्रासेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी मुंबईसारखी ठराविक वस्ती नव्हती. त्यामुळे रुग्णालयात आणि शासकीय सुधारगृहात जाऊन त्यांना रक्ताचे नमुने गोळा करावे लागले. २०० नमुने मिळवावे असा संकल्प होता. काही महिन्यांच्या खटपटीने ८० मिळाले. हातमोजे नाहीत, साधने अपुरी, नमुने ठेवावयास घरचे शीतकपाट. पती धीर देणारे होते म्हणून हे काम तडीस गेले. शहरात एलायझा चाचणीची सोय नव्हती. तेव्हा १९८६ च्या फेब्रुवारीत निर्मलाबाई व त्यांचे पती रात्रीच्या गाडीने काटपाडीस उतरून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेले. तेथील विषाणुशास्त्रज्ञ डॉ. जेकब जॉन यांनी त्यांच्या मदतीस डॉ. जॉर्ज बाबू व डॉ. एरिक सिमोझ या तरुण सहकाऱ्यांस दिले. चाचणीच्या पात्रात सहा ठिकाणी पिवळा रंग उमटला. पुन्हा नमुने घेऊन ते अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉट या अधिक काटेकोर चाचणीसाठी पाठविण्यात आले. उत्तर तेच आले. भारतात एच.आय.व्ही. आहे हे सिद्ध झाले.

ही वार्ता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेस, तेथून केंद्र व राज्य शासनास कळविण्यात आली, आणि १९८६ च्या मे महिन्यात तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी ती विधानसभेत जाहीर केली. प्रथम अविश्वास, मग संताप, अशीच प्रतिक्रिया उमटली. चाचणीत चूक झाली असली पाहिजे असे कित्येकांनी म्हटले. १९८७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात सिमोझ, बाबू, जॉन, निर्मला, सॉलोमन व त्यांचे सहकारी यांच्या नावे हे संशोधन प्रसिद्ध झाले.

'प्रसिद्ध झाले' या दोन शब्दांचे मोल व्यापाऱ्यास निराळे समजावून सांगावयास नको. तोंडी सांगितलेला हिशेब आणि रोजकीर्दीत लिहिलेला हिशेब यांत जे अंतर, तेच ऐकीव वार्ता आणि प्रसिद्ध संशोधन यांत असते. नमुने किती, कोठून घेतले, कोणती चाचणी, कोणी तपासले, फेरतपासणीत काय निघाले, हे सर्व लिहून ठेवावयाचे. म्हणजे जगातील कोणीही अनोळखी मनुष्य ताळा करून पाहू शकतो. ८० पैकी ६ ही नोंद लहान होती. परंतु त्या नोंदीनंतर देशास आपला हिशेब नव्याने मांडावा लागला. देशभर तपासणी सुरू झाली. १९८९ पासून दान केलेल्या रक्ताची एच.आय.व्ही.साठी चाचणी सक्तीची झाली. पैसे घेऊन रक्त विकण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली, आणि २००१ पासून हेपॅटायटिस सी ची चाचणीही आवश्यक ठरली. महावीर जयंतीस आपले तरुण रक्तदान शिबिरे भरवितात. त्या प्रत्येक बाटलीच्या निर्धोकपणामागे अशा संशोधकांची पुण्याई उभी आहे.

आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती सुनीतीबाईंची पुढील भूमिका. त्या सहा स्त्रियांवर समाजाने बोट रोखले. सुनीतीबाई मात्र आठवण करून देत की त्या अभागिनींनाही हा विषाणू कोणा पुरुषाकडूनच मिळाला असला पाहिजे. गिऱ्हाईक सन्माननीय आणि ती तेवढी पतित, हा न्याय त्यांनी मानला नाही.

विवाहितेच्या वाट्याला आलेला रोग

सुरक्षित नोकरी सोडून सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये आपल्या वडिलांच्या नावे चेन्नईत वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. वाय.आर.जी. केअर या नावाने ते ओळखले जाते. रुग्णालये ज्यांस दारातून परत पाठवीत, अशा रुग्णांस तेथे स्वेच्छेने तपासणी, समुपदेशन व उपचार मिळू लागले. रुग्णास हात लावून तपासावे, त्याच्या शेजारी बसावे, त्याचे नाव गुप्त ठेवावे, ही त्या केंद्राची शिस्त. सेवा आणि संशोधन तेथे एकत्र नांदले. दक्षिण भारतातील एच.आय.व्ही. रुग्णांचा रोग कसा वाढत जातो, याविषयी डॉ. कुमारसामी व सुनीतीबाई यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्षय हाच त्यांचा सर्वांत मोठा सोबती-रोग असल्याचे दिसून आले.

परंतु आपल्या गृहस्थ वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा त्यांच्या गटाचा निबंध २००० सालचा आहे. केंद्रात येणाऱ्या बाधित स्त्रियांचा त्यात अभ्यास होता. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गृहिणी होत्या. बहुतेकींचा आयुष्यात पतीवाचून अन्य पुरुषाशी संबंध आलेला नव्हता. पुण्यातही असेच आढळले होते. भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांत एच.आय.व्ही. आढळल्याचे त्यात नमूद आहे. त्यांच्यातील जवळजवळ सर्व विवाहित होत्या आणि त्यांचा धोका पतीच्या वर्तनातून उद्भवलेला होता.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पातिव्रत्याने या स्त्रियांचे रक्षण झाले नाही. व्रत एकीने पाळले आणि भंग दुसऱ्याने केला. शिक्षा मात्र दोघांस झाली, आणि पुष्कळदा बोल एकीलाच लागला. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील चौथे व्रत स्वदारसंतोषाचे आहे, आणि ते प्रथम पुरुषास उद्देशून सांगितले आहे. शास्त्रकारांनी ते मोक्षमार्गासाठी सांगितले; आज विषाणुशास्त्र तेच घराच्या रक्षणासाठी सांगत आहे. आमचे असे स्पष्ट मत आहे की पती निवर्तल्यावर सुनेस पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडणारे घर अहिंसेचे नाव घेण्यास पात्र नाही.

हा विषय चेन्नई-पुण्याचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद या मार्गे हैदराबादेस जाणारा महामार्ग आपल्या अंगणातून जातो. आपली तूर, हरभरा, सोयाबीन याच वाटेने जाते, आणि मालमोटारींचे चालक, क्लीनर, हमाल व खरेदीस जाणारी आपली मुले घरापासून दिवसचे दिवस दूर राहतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस देशात एच.आय.व्ही.चा प्रादुर्भाव अधिक असलेली जी सहा राज्ये गणली जात, त्यांत महाराष्ट्र, कर्नाटक व तत्कालीन आंध्र प्रदेश ही तिन्ही होती. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे त्या तिहींच्या सांध्यावर वसलेले आहेत. 'आमच्यात नाही' हे वाक्य १९८५ साली सबंध देश म्हणत होता. त्याचे पुढे काय झाले हे वर आलेच आहे.

आशेची बाजू

या अंधारात दिलासा देणारी गोष्टही याच संशोधनातून आली. पती-पत्नींपैकी एक बाधित व दुसरा निरोगी अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात चेन्नईचे वाय.आर.जी. केअर व पुण्याची संस्था ही भारतातील केंद्रे होती. बाधितास लवकर औषधे सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तर हे सर्वमान्य आहे की नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंची संख्या चाचणीत न दिसण्याइतकी खाली आली, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. मातेस वेळेवर औषध मिळाल्यास बाळ बहुधा निरोगी जन्मते. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये वर्षाकाठी ३५० डॉलरांत औषध देऊ केल्यावर जगभर किमती उतरल्या. भारत शासनाने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. एके काळी मरणाची चिठ्ठी असलेला हा रोग आता मधुमेहाप्रमाणे रोज औषध घेऊन सांभाळावयाचा विकार झाला आहे. २०२३ च्या शासकीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख माणसे एच.आय.व्ही.सह जगत आहेत.

आपल्या समाजात वधूवर मेळावे भरतात, म्हणून सुनीतीबाईंची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. औषधांनी बरे राहणारे तरुण रुग्ण त्यांच्याकडे येऊन म्हणत, लग्न कसे होणार? बाई त्यांची स्थळे जुळवू लागल्या. शिक्षण, भाषा, घराणे पाहावे तसे येथे रक्तातील पेशींची संख्या व औषधांची नियमितताही पाहावयाची. आणि दोघांसही सारे ठाऊक असताना विवाह ठरवावयाचा. यावर एक माहितीपटही निघाला आहे. लपवून जुळविलेल्या लग्नापेक्षा सांगून जुळविलेले लग्न अधिक धर्म्य, हे कोणता व्यवहारी मनुष्य नाकारील?

काविळीकडे झालेले दुर्लक्ष

एच.आय.व्ही.ची आपणांस भीती वाटते. हेपॅटायटिसची वाटत नाही. वस्तुतः आकडे उलटे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात हेपॅटायटिस बी चा व ५५ लाखांच्या शरीरात सी चा विषाणू होता. दूषित सुईच्या टोचण्यातून बी हा एच.आय.व्ही.पेक्षा कितीतरी पट सहज शिरतो. तो वर्षानुवर्षे यकृतात मूक राहतो आणि पुढे यकृत आकसणे किंवा कर्करोग या रूपाने प्रकट होतो. मद्याचा थेंबही न घेणाऱ्या माणसाचे यकृत कसे बिघडले, असे आपल्या समाजात नवल केले जाते. त्याचे उत्तर पुष्कळदा या विषाणूत असते.

सुनीतीबाईंचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन यांनी हेच सूत्र पुढे नेले. सुईने अमली द्रव्ये घेणाऱ्या, देशातील पंधरा शहरांतील चौदा हजारांहून अधिक लोकांत त्यांच्या गटाने हेपॅटायटिस सी चा शोध घेतला व ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. बाधितांचे प्रमाण तीनांत एकाहून अधिक निघाले, आणि आपण बाधित आहोत हे त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी, २८ जुलै २०१५ रोजी, सुनीतीबाईंचे निधन झाले. योगायोग असा की २८ जुलै हा हेपॅटायटिस बी चा शोध लावणारे नोबेल विजेते बारूख ब्लुमबर्ग यांचा जन्मदिन असून तो जगभर हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. २०१७ मध्ये भारत शासनाने सुनीतीबाईंस मरणोत्तर पद्मश्री दिली.

बी साठी प्रभावी लस आहे. १९५६ पर्यंत आपले जिल्हे ज्या राज्यात होते, त्याच्या राजधानीत, म्हणजे हैदराबादेत, वरप्रसाद रेड्डी यांच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये ही लस स्वदेशी पद्धतीने तयार केली आणि परदेशी लसीच्या मानाने अतिशय स्वस्तात विकली. आज प्रत्येक नवजात बालकास २४ तासांच्या आत ती देण्याची शासकीय योजना आहे. सी साठी लस नाही. परंतु सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णव रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सी ची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत.

पाण्याच्या काविळीविषयीही दोन शब्द लिहितो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांस कावीळ झाली. त्या साथीतील साठवून ठेवलेले रक्तद्रव पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील डॉ. खुर्शेद पावरी, श्रीनिवासन, प्रसाद आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी तपासले. हा ए नव्हे आणि बी ही नव्हे, असे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. तोच पुढे हेपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. डॉ. विद्या अरणकल्ले यांनी पुण्यातच त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. गर्भवतीस तो विशेष घातक असतो. आपण पाणी गाळून पितो, हे योग्यच आहे. परंतु वस्त्राच्या छिद्रांतून विषाणू सहज निसटतो. तो मरतो तो पाणी चांगले उकळल्यावर. साधुसाध्वींसाठी आपण जसे उकळलेले पाणी ठेवतो, तसे लग्नाच्या पंगतीत व घरातील गर्भवतीसाठीही ठेवावे.

आपले कर्तव्य

आपल्याकडे चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. या चारींस धरून आम्ही सभासदांपुढे काही सूचना ठेवतो.

औषधदान म्हणून आपल्या दुकानी, गोदामी व मिलमध्ये काम करणाऱ्या हमाल, चालक, मुनीम यांस हेपॅटायटिस बी ची लस आपल्या खर्चाने द्यावी. तीन मात्रांचा खर्च फारसा मोठा नाही. आहारदान म्हणून क्षय किंवा एच.आय.व्ही.ची औषधे चालू असलेल्या गरीब रुग्णास महिन्याचे धान्य व डाळ द्यावी. रिकाम्या पोटी औषधे सोसत नाहीत. शास्त्रदान म्हणून वार्षिक सभेस जोडून वैद्यांचे व्याख्यान ठेवावे आणि त्यास तरुण मुलामुलींस अवश्य बसवावे. शंका असल्यास जिल्हा शासकीय रुग्णालयात एच.आय.व्ही.ची तपासणी विनामूल्य व गुप्तपणे होते. १०९७ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून माहितीही मिळते.

आणि अभयदान. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी एच.आय.व्ही. चाचणीची अट घालता येत नाही, बाधित म्हणून कोणास कामावरून काढता येत नाही आणि संमतीवाचून कोणाचे गुपित उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तेव्हा लशीसाठी पुढाकार घ्या, पण कोणाची सक्तीने रक्तपरीक्षा करू नका. एका पंगतीत जेवल्याने, एका गादीवर बसल्याने, हात मिळविल्याने हा विषाणू जात नाही. परपरिवाद, म्हणजे दुसऱ्याची निंदा, हे आपण अठरा पापस्थानांत मोजतो. दिवाळीत जुन्या वह्या मिटविताना त्याही खात्याची बाकी पाहावी.

डॉ. सुनीती सॉलोमन आपल्या धर्माच्या नव्हत्या, आपल्या प्रांताच्याही नव्हत्या. पण ज्यास सर्वांनी दार लावले त्यास त्यांनी आत घेतले, आणि जे सर्वांनी नाकारले ते त्यांनी तपासून लिहून ठेवले. आपल्या दुकानातील एखादा मुनीम उद्या आपला अहवाल हाती घेऊन, मान खाली घालून, पेढीच्या पायरीशी उभा राहील. त्यास पायरीवरून आत बोलवावे, बसवावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर यावयास सांगावे, एवढेच आमचे सर्व सभासद बंधुभगिनींस विनयपूर्वक सांगणे आहे.